पोटमाळ्यावरची शुभदा

शुभदा गेल्याचं तिच्या नवऱ्याने, मिलिंदने मला फोनवर सांगितलं, आणि त्यानंतर चार दिवसांनी मला शुभदाची मेल आली.

मी साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये होते. ड्यूटी संपली होती, गाडी सुरू करायच्या आधी सवयीने फोन उघडला. ‘नमस्कार अनघा, तुम्ही मागवलेलं पुस्तक आज छापायला गेलं. हातात पडलं की वाचा, आणि कसं वाटलं ते मला नक्की कळवा. शुभदा, पोटमाळा प्रकाशन.’ एका सहकाऱ्याच्या मुलीसाठी मी गेल्याच आठवड्यात तिच्याकडचं एक पुस्तक मागवलं होतं, आणि ही मेल प्रत्येक गिऱ्हाइकाला आपोआप जाते हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून काय उपयोग... गाडीची किल्ली हातातच राहिली. मी पेशाने भूलतज्ज्ञ. डोळे मिटलेली माणसं परत येतात यावरच माझं पोट चालतं. शुभदाच्या मेंदूतली रक्तवाहिनी भर दुपारी, बेसिंगस्टोकच्या त्यांच्या स्वयंपाकघरात फुटली, आणि तिला परत आणायला कोणालाच काही करता आलं नाही. त्या कार पार्कमध्ये मी किती वेळ बसले होते कोण जाणे. शेवटी मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला.

आमची ओळख जुनी. मिलिंदच्या कंपनीने त्याला पुण्याहून इंग्लंडला, बेसिंगस्टोकला पाठवलं तेव्हा ती सोबत आली. पुण्यात ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. इथे लायब्ररीत अर्धवेळ काम मिळालं. पुढे कौन्सिलने लायब्ररीचे तास कापले आणि त्यात हिचे आधी गेले. दुसरी एखादी रडली असती. हिने लॉफ्ट कन्व्हर्जन करून छपराखाली खोली काढून घेतली, वर एक टेबल टाकलं आणि जाहीर केलं, की आपण प्रकाशक झालो. नावही तिथूनच आलं... पोटमाळा.

मी मनसोक्त हसले होते. म्हटलं, “शुभदा, मराठी पुस्तकं खपत नाहीत म्हणून पुण्यात प्रकाशक रडतात. बेसिंगस्टोकमध्ये तुझं पुस्तक कोण घेणार, शेजारचा डेव्हिड?”

“त्यांना दुकान भरावं लागतं गं,” ती म्हणाली. “मला काही भरायचंच नाहीये. प्रिंट ऑन डिमांड! एकाने मागवलं की एक छापायचं. नो स्टॉक, नो वेअरहाऊस, नो टेन्शन.”

ही सगळी यंत्रणा मिलिंदने बसवून दिली. मागणी आली की पुस्तकाची फाइल थेट छापखान्याच्या मशीनकडे जायची, तिथे नंबर लागला की एक प्रत निघायची आणि परस्पर पोस्टाने वाचकाच्या घरी. वाचकाला शुभदाच्या नावाने मेल, त्या मेलची प्रत मिलिंदला, कुठे काही अडलं तर कळावं म्हणून. या पठ्ठ्याने बायकोचं एकही पुस्तक मात्र कधी वाचलं नाही. विचारलं की म्हणायचा, “प्लंबिंग माझं, पाणी तिचं.” शुभदा यावर चिडत नसे. “एक दिवस नळाखाली तोंड धरेल,” एवढंच म्हणायची.

तिच्या कामाची एक रीत होती आणि त्या रीतीपुढे ती कोणाचं ऐकत नसे. कुठलंही पुस्तक छापण्याआधी ती ते अथपासून इतीपर्यंत मोठ्याने वाचायची, आणि समोर ऐकायला एक माणूस हवाच. तो माणूस बहुतेक रविवारी मीच असे. साउथहॅम्प्टनहून मोटरवेने यायचं, तिच्या हातची खिचडी खायची आणि जिना चढून बीन बॅगवर पसरायचं. दुपारची वेळ, पोटात खिचडी, कानात तिचा संथ आवाज... भूल देणारीलाच भूल चढायची. मला वाटायचं तिला कळत नाही. पण माझी पापणी जड झाली की ती थांबायची आणि समासात पेन्सिलने खूण करायची. मग लेखकाला सांगायची, “इथे कापा. ऐकणारं माणूस इथे झोपतं.” एक-दोन लेखकांनी यावरून तिच्याशी अबोला धरला. माझ्या झोपेवरून मराठी साहित्याचं संपादन होतंय हे त्या बिचाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

या वाचनाचं ती रेकॉर्डिंगही करायची. सुरुवातीला स्वतःच्या चुका पकडायला. पण एकदा एक आई तिला म्हणाली, “माझ्या मुलांना मराठी समजतं हो, वाचता कुठे येतं?” तेव्हापासून प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर एक चौकोनी कोड छापायला लागली. फोन धरला की शुभदा वाचायला लागते. इथे जन्मलेली मुलं शाळेत जाताना गाडीत ऐकू लागली, आणि ज्या पुस्तकांना वाचक नाही म्हणून सगळे उसासे टाकत होते त्यांना श्रोते मिळाले. लंडनला छोट्या प्रकाशकांची जत्रा भरते, तिथे ती मला एकदा ओढून घेऊन गेली. एका टेबलावर वेल्श कविता, दुसऱ्यावर पोलिश बालगीतं, बंगाली स्वयंपाक, आणि मध्ये आमची शुभदा, पैठणीचा तुकडा टेबलावर अंथरून. तिचे डोळे लकाकत होते. “बघ, हे आमचेच दिवस आहेत,” ती म्हणाली. “मोठ्या प्रकाशकाला गर्दी लागते. मला माणूस लागतो. माझा वाचक कुठल्या गल्लीत राहतो ते मला माहीत असतं.” मी म्हटलं, हा धंदा नव्हे, नातेवाइकांची यादी आहे. तर म्हणाली, “तेच तर मार्केट रिसर्च!” हिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

ती गेल्यावर मी तो आवाज ऐकू शकले नाही. एकदा मोटरवेवर गाड्या तुंबल्या असताना धीर करून एक पुस्तक लावलं. ती वाचत होती, मध्येच डेव्हिडचा कुत्रा भुंकला, तिने हसू दाबलं आणि पुढचं वाक्य किंचित हसऱ्या आवाजात आलं. त्या दिवशी समोर मी होते. तिने हसू दाबलं ते माझ्याकडे बघून. गाडीत मी एकटी होते, आणि मला अगदी खात्रीने वाटलं, की मागच्या सीटवर कोणीतरी बसलंय. आरशात बघायची हिंमत झाली नाही. माझ्यासारख्या बाईने हे लिहू नये, पण झालं तसं लिहितेय.

तीनेक आठवड्यांनी मिलिंदचा फोन आला. आवाज कोरडा होता. “अनघा, मी पोटमाळा बंद करतोय. अकाउंटच क्लोज करतो.”

मी तडक गेले. म्हटलं, “अरे, बंद केलंस तर पुस्तकं कुठे राहतील?”

“ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे.”

“आणि नवीन कोणाला हवं असेल तर?”

“नाही मिळणार.”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नो स्टॉक, नो वेअरहाऊस. ज्या गोष्टीचं शुभदाला एवढं कौतुक होतं तीच आता तिच्या मुळावर आली होती. कुठल्याही गोदामात तिच्या पुस्तकांचा एक गठ्ठाही नव्हता. तिने छापलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, कोडामागचा तिचा आवाज, सगळं त्या एका अकाउंटमध्ये. मिलिंदने एक बटण दाबलं की शुभदा दुसऱ्यांदा जाणार होती. मला राग आला आणि मी तो लपवला नाही. “लोक अजून मागवतायत ना रे? तूच मागच्या आठवड्यात म्हणालास, ऑर्डर्स वाढल्यात म्हणून. त्या लोकांचं काय?”

उठून त्याने जिन्याखालच्या कपाटाचं दार उघडलं. आत, कोट लटकवायच्या जागी, खालपासून वरपर्यंत पुठ्ठ्याची पार्सलं रचलेली होती. एकही फोडलेलं नव्हतं. प्रत्येकावर एकच नाव... मिलिंदचं.

“लोक नाहीत,” तो म्हणाला. “मीच मागवतो.”

त्याने फोन माझ्यापुढे धरला. ‘नमस्कार मिलिंद, तुम्ही मागवलेलं पुस्तक आज छापायला गेलं...’ खाली तीच मेल, पुन्हा तीच, पुन्हा तीच. “आधी एकदाच केलं गं. टेस्ट म्हणून. जन्मभर मला ‘अरे ए’ म्हणायची, मेल्यावर ‘तुम्ही’ म्हणायला लागली.” हसायला गेला आणि ते जमलं नाही. “आता मीटिंगमध्ये असलो तरी ऑर्डर करतो. ती लिहिते. मग दुसऱ्या दिवशी परत करतो. मीच लिहिलाय तो प्रोग्राम, अनघा. मला माहितेय तिथे कोणी नाहीये. मला वेड लागेल. म्हणून बंद करायचंय.”

म्हटलं, मेलमधलं नाव तरी बदल. तो एकदम ओरडला, “नाव बदलू? मग ती गेलीच ना!” बंद केलं तर पुस्तकं जातात, चालू ठेवलं तर हा माणूस जातो. हॉस्पिटलात अशा वेळी मी दुसऱ्या डॉक्टरचं मत घेते. इथे कोणाचं घेणार?

मत घेऊन आल्या कुसुमताई. लंडनच्या स्टॅनमोरला राहतात, ऐंशी उलटून गेलेल्या. तरुणपणी नर्स म्हणून या देशात आल्या आणि जन्मभर वॉर्डातच राबल्या. त्यांच्या आठवणींचं पुस्तक शुभदाने हाती घेतलं होतं. नऊ प्रकरणं वाचून, रेकॉर्ड करून झाली होती, शेवटची तीन उरली होती. पोटमाळा बंद होतोय हे त्यांच्या कानावर गेलं आणि शनिवारी त्या थेट दारात उभ्या राहिल्या. गाडी चालवत आणणारी नात, रिया, सोबत होती. विशीतली, इथेच वाढलेली.

पहिल्यांदा रियाच बोलली. “मिलिंदकाका, मला वाचता नाही येत, पण समजतं सगळं. शुभदामावशीने मला नऊ चॅप्टर्स पाठवला होता. मला माहितच नव्हता की आजी कशी आली इथे. शी नेव्हर टोल्ड अस. प्लीज, बंद नको करू.”

मिलिंद जमिनीकडे बघत म्हणाला, “तीन चॅप्टर्स राहिलेत, रिया. ती नाहीये वाचायला. कोणा प्रोफेशनल आर्टिस्टकडून सगळं पुस्तक पुन्हा रेकॉर्ड करून घे. मी फाइल देतो.”

“पुन्हा कशाला?” कुसुमताई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक आहे, पण वॉर्डात शिस्त लावलेला. “तिचं वाचलेलं पुसायचं का? मिलिंद, मी जन्मभर हँडओव्हर केला. एक नर्स घरी जाते, दुसरी येते. येणारी काय पहिलीसारखी दिसते का? पेशंटलाही कळतं की माणूस बदललं. तरी औषध चुकत नाही. तिची शिफ्ट संपली, बाळा. नवव्यापर्यंत तिने दिलं. दहाव्यापासून तू दे.”

“मी? मला नाही येत, कुसुमताई. मी कधी तिचं एक पानसुद्धा...”

“मग आता वाच,” त्या म्हणाल्या, आणि रियाला म्हणाल्या, “चल गं, ट्रॅफिक लागेल.” चहाला थांबल्यासुद्धा नाहीत.

मिलिंद लगेच हो म्हणाला नाही. आठवडाभर त्याने माझा फोन उचलला नाही. मला वाटलं, दाबलं याने बटण. मग एका सकाळी निरोप आला: ‘संडेला येतेस का? ऐकायला कोणीतरी लागतं म्हणे.’

त्या रविवारी मी जिना चढले. तो तिच्या खुर्चीत बसला होता, पुढ्यात दहावं प्रकरण. पहिलं वाक्य त्याने बँकेचं पत्र वाचावं तसं वाचलं. थांबला, पुन्हा वाचलं. कुसुमताईंची पहिली नाताळची ड्यूटी, वॉर्डात मरायला टेकलेला एक खलाशी, त्याचा हात धरून बसलेली बावरलेली मुलगी... त्याचा आवाज हळूहळू सैल झाला. खलाशी गेला तिथे मिलिंद अडला. त्याने डोळे पुसले आणि तेच वाक्य सुरुवातीपासून घेतलं. मी एकदाही डुलकी घेतली नाही, हे शुभदाने ऐकलं असतं तर तिने पुस्तकाला बक्षीसच दिलं असतं.

पुस्तक आता आलंय. नवव्या प्रकरणापर्यंत शुभदा वाचते, दहाव्याला कसलीही सूचना न देता मिलिंद सुरू होतो. ती मेल अजून तिच्याच नावाने जाते. जिन्याखालच्या कपाटात पुन्हा कोट लटकलेत. पार्सलं मिलिंदने फोडली, एक पुस्तक स्वतःला ठेवलं आणि बाकीची शनिवारच्या मराठी शाळांना वाटली. आता तो पुढचं पुस्तक वाचतोय आणि मी खिचडीशिवाय ऐकतेय.

टेबलावरचा माइक मात्र तिच्या तोंडासमोर येईल इतकाच वर आहे. शुभदा जेमतेम पाच फूट, मिलिंद चांगला सहा फुटी. तासाभराच्या वाचनात त्याची मान भरून येते. मागच्या रविवारी मी वैतागून उठले आणि माइकचा स्क्रू सैल करायला हात घातला. त्याने माझं मनगट धरलं.

“राहू दे,” तो म्हणाला, आणि मान वाकवून पुढचं पान वाचायला लागला.