चिकूखालचा होस्टा

शेजारच्या मनकर्णाला मी शंभरदा सांगितलं, बाई, आपल्या नगरात, सावेडीच्या उन्हात होस्टा जगत नाही, तो थंड मुलखातला, पानांच्या शोभेचा. ऐकेल तर शपथ! काही वर्षांपूर्वी ती अमेरिकेत लेकीकडे, ज्योतीकडे गेली होती. तिथं दाराशी सावलीत मायलेकींनी एक होस्टा लावला. परातीएवढी निळसर हिरवी पानं, कडेला पांढरी किनार. त्यानंतर ज्योतीचं येणं झालं नाही आणि हिच्या गुडघ्यांना विमान झेपेना. मग हिनं तसलाच कंद ऑनलाइन मागवला आणि बंगल्यामागे चिकूखाली लावला.

पहिल्या पावसाळ्यात पानं आली. पुढच्या वर्षी बोटभर फुटून बसला.

"त्याला हिवाळ्यात कडक थंडी लागते, गाढ झोपायला," मी वाचून सांगितलं.

दिवाळी झाल्यावर हिनं कंद उपटला, ओल्या कापडात गुंडाळला आणि फ्रिजमधल्या भाजीच्या कप्प्यात निजवला. मेथी बाहेर सुकली. शिवरात्रीला पुन्हा लावला, उन्हाळाभर भोवती ओली पोती. आणि श्रावणात खरंच परातीएवढी पानं! गणपती झाले की ज्योती येणार होती.

"फोनवर बोलायचं नाही हं," मला दम. "तिला डोळ्यांनी बघू दे."

गौरीजेवणाला पाथर्डीहून मनकर्णाची नणंद आली, राहीबाई. नैवेद्याला अळू हवाच. मी सकाळी गेले, तर गॅसवर अळूवडीचे उंडे वाफवत होते.

"वैनी, अळू लई झ्याक लावलाय," राहीबाई सांगत होती. "खुडताना हाताला खाजलासुदिक न्हाई!"

मनकर्णा चिकूखाली गेली. नुसते देठ. मला वाटलं, आता नणंदेची खैर नाही. तेवढ्यात फोन वाजला. ज्योती. सुट्टी मिळत नाही, पुढच्या वर्षी नक्की.

"बरं," मनकर्णा म्हणाली. "तुझ्या दारातला होस्टा कसाय गं?"

"मस्त पसरलाय, आई."

फोन ठेवून तिनं गौरींच्या ताटात त्याच वड्या वाढल्या.

दिवाळीनंतर गेले, तर बाई पुन्हा मेथी बाहेर काढून कप्पा रिकामा करत होत्या.

"पुरे कर आता," मी चिडले. "क्रोटन लाव. रंगीत पानं, आणि नगरच्या उन्हातही टिकतो."

"क्रोटन ज्योतीच्या दारात नाहीये," ती म्हणाली आणि कंदाची माती पुसू लागली.