पोचल्याचा फोन

माझा दोस्त दत्ता गेला हे कळलं, तेव्हा त्यानंच काढून दिलेलं बेंगळुरूचं तिकीट माझ्या पिशवीत होतं. लेकीला मुलगी झालेली, नातीला बघायला निघायचं म्हणून मी नेकनूरला एसटीची वाट बघत उभा होतो, आणि बीडहून फोन आला... पहाटे छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. पिशवी मांडीवर घेऊन मी तिथंच बसलो.

बीडच्या स्टँडामागं त्याचं विमानाच्या तिकिटांचं दुकान. चांगले दिवस होते तेव्हा कंपन्याच तिकिटामागं कमिशन द्यायच्या, गिऱ्हाइकाला पत्ताही लागायचा नाही. मग ते हळूहळू आटलं. बाकीचे हुशार निघाले. कुणी आपले पैसे तिकिटाच्या भावातच मुरवले, कुणी घाऊक जागा आधी उचलून सणासुदीला चढ्या दरानं विकल्या. आमचे दत्तासाहेब मात्र कंपनीचा भाव स्क्रीनवर दाखवायचे, वर आपली मेहनत किती ते तोंडानं सांगायचे आणि म्हणायचे, "तिकिटाचे आत्ता द्या. माझे उतरल्यावर फोन करा, मग द्या." आता सांगा, असा धंदा कुणी करतं का?

चकलांब्याचा एक जण ड्रायव्हर म्हणून दुबईला निघाला होता. मोबाइलवर स्वस्त दिसतंय म्हणून अडून बसला. दत्ता म्हणाला, "काढ मग मोबाइलवर. विमान चुकलं तर त्यालाच इचार, आता काय करू म्हणून." गड्यानं तिकीट मुकाट दत्ताकडं काढलं. तो उडाला त्या दिवशी मी दुकानात होतो. दत्ताचा घरचा डबा दुपार टळली तरी बांधलेलाच. "पोचलो भाऊ" असा फोन आला, तेव्हा कुठं यानं भाकरी मोडली. मी चिडलोच.

"अर्धे लोक उतरल्यावर पैसे द्यायचे विसरतात रं. कामून असं करतो?"

"तिकीट काय, मोबाइलबी काढतंय," तो जेवता जेवता म्हणाला. "मानूस पोचंपर्यंत मला जेवन जात न्हाई. त्या काळजीचे घेतो मी."

तेव्हा मी हसलो होतो. लई जीव होता माझा त्याच्यावर.

तेरावा झाल्यावर त्याच्या पुण्याच्या मुलानं दुकान विकायची बोलणी सुरू केली. दत्ताची बायको, सुनंदावहिनी, त्याच्याशेजारी बसून तिकिटं काढायला शिकल्या होत्या, पण एकटीनं रेटायचं म्हणजे... "तुमीच सांगा भाऊजी, मला जमंल का?"  माझ्या तिकिटाची तारीख त्यांनीच पुढं ढकलून दिली. मी दत्ताच्या मेहनतीचे पैसे पुढं केले, तर त्यांनी हात मागं घेतला.

विमान बेंगळुरूला टेकलं. सगळे घाईघाईनं उठले. मी बसल्याजागी, दरवेळेसारखा, दुकानाचा नंबर लावला आणि मग भानावर आलो. आता उचलणार कोण?

पहिल्याच घंटेला वहिनींचा आवाज आला. "पोचलात का?"

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"भाऊजी, पोचलात न्हवं?"

"पोचलो, वहिनी."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मग आता जेवते मी."