कोष्ट्याच्या मागावर वाकलेला गुडघा

तीस वर्षं ज्याच्या पायऱ्या मी धुतल्या, त्यानंच मला त्या पायऱ्यांवरून पाडलं, ही गोष्ट काही केल्या माझ्या मनातून जात नव्हती. मी गावच्या महादेवाचा पुजारी; श्रावणात त्याच्या गाभाऱ्यात उतरताना शेवाळावरून पाय सटकला आणि उजव्या गुडघ्याची वाटी दगडावर फुटली. तेव्हा आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता. कुरखेड्याकडच्या आमच्या गावातून बैलगाडीनं वडसा आणि तिथून छोट्या रेल्वेनं मला नागपूरला नेलं. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करून वाटी तारेनं जोडली, मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. दीड महिन्यानं ते कापलं तेव्हा आतून वाळक्या लाकडासारखा सरळ पाय निघाला. डॉक्टर म्हणाले, "रोज थोडा थोडा वाकवा. रडू आलं तरी वाकवा. नाहीतर जन्मभर असाच राहील."

घरी आलो आणि मी तो वाकवला नाही. दुखायचा, हे खरं. पण डॉक्टरवर माझा विश्वासही नव्हता. तार तुटली तर पुन्हा नागपूर, असं वाटायचं. बायको तेल लावताना जरा दाबायची, तर तिचाही हात मी झटकून टाकायचो. सगळ्यांत मोठा संशय होता चुलतभावाचा. माझ्या जागी तो पूजा करत होता. आमचा गाभारा पाच पायऱ्या खाली आणि पिंड जमिनीच्या सपाटीला. उकिडवं बसल्याशिवाय तिला धड पाणीही घालता येत नाही. पंचांनी सांगून टाकलं होतं, महाशिवरात्रीपर्यंत वाट पाहू, मग पूजा कायमची त्याच्याकडे. मी ओट्यावर पाय लांब करून बसायचो आणि देवळातली घंटा ऐकायचो. ती जरा जोरात वाजली की वाटायचं, चुलतभाऊ मलाच ऐकवतोय. देवाशी तर मी बोलणंच टाकलं होतं.

धानाची कापणी उरकली होती. एका दुपारी लटारू कोष्टी ओट्यापाशी येऊन उभा राहिला. नदीपलीकडून तो नुकताच आला होता आणि गावाबाहेर झोपडी बांधून त्यानं माग मांडला होता. कष्टाचा माणूस, पण धोतर नेसायचा पायघोळ, आणि चालायचा फार हळू. मला ते तेव्हाच खटकलं.

"भाऊ, गुडघा मोडत नाई, वाकत नाई ना तुमचा?" त्यानं विचारलं.

"तुले काय कराचं हाये?"

"माह्या मागावर येऊन बसा जी. खड्ड्यात पाय सोडाचे न् पावड्या दाबाच्या. एक पाय खाली, एक वर. हळूहळू मोकळा होईन."

"न् तुले काय भेटन?"

तो नुसता हसला. मला तेवढं पुरे झालं. याला चुलतभावानंच धाडलं, पाय पुरता कामातून घालवायला, असं मी धरून चाललो. बायकोला तसं सांगितलंही. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "घरी बसून भिंतीले पाहाण्यापरीस तिथी जाऊन बसा. अजून काय बिघडाचं रायलं हाये?"

गेलो. जमिनीत खणलेल्या खड्ड्याच्या काठावर आम्ही दोघं शेजारी बसायचो. वर लटारू ताण्यातून सुताचा धोटा फेकायचा, खाली मागाच्या पावड्या मी पायानं दाबायचो. पहिल्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी आली. दात आवळून मी दाबत राहिलो आणि सारं लक्ष त्या माणसाकडे ठेवलं. तो कधी जोर करा म्हणाला नाही की पायाला हात लावला नाही. फक्त धोटा इकडून तिकडे जात राहायचा. आठवडे गेले. पाय खाटेवरून थोडा खाली लोंबू लागला, मग पायरी चढू लागला. पण बरं वाटण्याऐवजी माझा संशयच वाढला. मी येण्याआधी हा खड्ड्यात पाय सोडून बसलेला असायचा, आणि मी गेल्याशिवाय कधी उठायचा नाही. त्याच्या मांडीवरून खड्ड्यात एक गोधडी सोडलेली असायची. खाली नक्की काहीतरी लपवलेलं होतं.

माघात एकदा मी मुद्दाम सकाळी लवकर गेलो. मागावर कोणी नव्हतं. मी खड्ड्याशी गेलो, काठ धरून खाली वाकलो आणि खड्ड्यावर पडलेली गोधडी बाजूला सारली. आत काहीच नव्हतं. माती होती आणि दोन पावड्या.

"भाऊ," झोपडीच्या कोपऱ्यातून आवाज आला, "तुमी उकिडवे बसून राह्यले."

मी खाली पाहिलं. टाचा उचललेल्या होत्या, एक हात काठावर होता, पण दोन्ही गुडघे मोडून मी बसलो होतो. गुडघा ठणकत होता आणि मला ते तोवर कळलंही नव्हतं.

कोपऱ्यात लटारू तापानं फणफणून पडला होता. धोतर वर सरकलेलं, आणि डावा पाय सुजून खांबाएवढा. हत्तीपाय. दुखणं उसळलं की त्याच्यानं पावडी दाबवत नसे, आणि लोकांना कळलं तर कोणी शेजारी बसणार नाही, म्हणून ते पायघोळ धोतर आणि ती गोधडी.

"म्हंजे माह्या पायानं तू आपलं कापड विणून राह्यला होता?" मी ओरडलो.

"हो जी," तो म्हणाला. "मले पाय पाह्यजे होते. तुमचा गुडघा मोडला, माहं लुगडं विणून झालं. सांगतलं असतं तं तुमी आले असते काय?"

भिंतीला टेकून मी कितीतरी वेळ रडलो. माझा संशय अर्धा खरा निघाला होता. चुलतभावानं त्याला धाडलं नव्हतं, स्वार्थ मात्र लटारूचा होता. पण मदत करायची तर देवानं माझ्याकडे कोणी निःस्वार्थी साधूच धाडायला हवा, ही अट मीच मनात घातली होती. त्यानं धाडला एक गरजू माणूस, ज्याला माझ्या पायांचं काम होतं.

महाशिवरात्रीला मी गाभाऱ्यात उतरलो. चुलतभाऊ पुढे होऊन माझा दंड धरायला आला. मी धरू दिला. पिंडीपाशी बसलो, पाणी घातलं. काही मागितलं नाही. मागण्यासारखं काही आठवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला मी मागावर गेलो. लटारू चमकला. माझ्या गुडघ्याकडे, मग तोंडाकडे पाहत म्हणाला, "आता काऊन आले, भाऊ? तुमचं काम तं झालं."

"असाच आलो."

"असाच कोनी येत नाई जी. काय पाह्यजे तुमाले?"

त्याच्या डोळ्यांत संशय होता. मी रागावलो नाही. त्याच्या शेजारी बसलो, खड्ड्यात पाय सोडले आणि पावडी दाबली. माझ्याकडे पाहतच त्यानं धोटा उचलला.