खोकला परत द्या

माझे भावोजी आवाजाचं काम करतात. म्हणजे गातबित नाहीत. ते गायला लागले तर शेजारी घर सोडून जातील. दार करकरणं, पायरी वाजणं, नळ ठिबकणं असले आवाज ते गोळा करतात आणि व्हिडिओ गेममध्ये बसवतात. एका तलवारीच्या मारामारीसाठी त्यांनी माझी मोठी कात्री वर नेली होती. तिकडे वीर एकमेकांना कापत होते आणि इकडे मी दातांनी दोरे तोडत बसले होते.

कपडे उसवून मापात बसवणं हा माझा धंदा. दुकान खाली, भावोजींचं घर वर, माझं त्यांच्या समोर. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण आणि त्यांची बायको, गेली तेव्हापासून ते दुपारचा चहा माझ्या दुकानात घेतात. बोलतात कमी. शिलाई मशीन अडखळलं तर मात्र माझ्याआधी त्यांना कळतं, आणि कप खाली ठेवून ते तेलाची बाटली शोधायला लागतात.

तरुणपणी त्यांनी तीन मित्रांबरोबर ‘कंदीलवाला’ नावाचा गेम केला होता. एक ठेंगू माणूस कंदील घेऊन अंधाऱ्या बोगद्यांतून फिरतो. बोगदा पार पडला की घरी येतो आणि दारातून त्याची आई म्हणते, “आलास? हात धू आधी.” ती आई म्हणजे आमची ताई. बाहेरून कुणाला बोलवायचं त्या चौघांच्या डोक्यातच आलं नाही. झोपायच्या खोलीत, दाराखिडक्यांवर रजया टांगून, ताईला कपाटासमोर उभं केलं. एक रजई मीच धरून उभी होते.

ताईने वाक्य म्हटलं आणि ती खोकली. बारीक, कोरडा खोकला. परत घेतलं, परत खोकली. पाणी पिऊन झालं, लवंग चघळून झाली, तरी वाक्य संपलं की तो यायचाच. शेवटी भावोजी हेडफोन कानावर दाबून म्हणाले, “राहू दे. छान वाटतंय. खरं घर वाटतंय.”

गेम तुफान चालला. पुढच्या वर्षी ताई छातीच्या आजाराने गेली. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

मध्यंतरी एका मोठ्या कंपनीने तो जुना गेम विकत घेतला. तोच गेम नव्या चित्रांनी, नव्या आवाजांनी परत आणायचा. याला म्हणे रीमास्टर म्हणतात. माझ्या भाषेत जुन्या कोटाला नवं अस्तर. आवाजासाठी त्यांनी भावोजींनाच बोलावलं. भावोजींनी जीव ओतला. प्रत्येक थेंब, प्रत्येक पाऊल नव्याने केलं. ताईचा आवाज जुन्या टेपवरून उतरवून धुऊन स्वच्छ केला आणि खोकला काढून टाकला.

मला वर बोलावून त्यांनी ते ऐकवलं. “आलास? हात धू आधी.” आणि पुढे शांतता. मी तिथेच रडले. ताई बरी झाल्यासारखी वाटत होती.

गेम बाजारात आला आणि फॅन नावाची जमात पिसाळली.

मला पत्ताही नव्हता. एके सकाळी दुकानात एक गिऱ्हाईक आलं. चांगला बाप्या माणूस, कानाजवळचे केस पांढरे, हातात टी-शर्ट. कमरेत घट्ट करून हवा होता. तो घालून आरशासमोर उभा राहिला तेव्हा छातीवरचं चित्र दिसलं. एक दात पडलेली म्हातारी, तोंडाशी रुमाल, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘खोकला परत द्या’.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“खोकली आई!” तो खुशीत म्हणाला. “कंदीलवाल्यातली. नव्या गेममध्ये तिचा खोकला उडवला हो गाढवांनी. आम्ही सगळे पेटलोय.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला, आणि फोनमधून माझी बहीण खोकली. परत खोकली. परत. त्याने मुद्दाम जरा वेळ वाजू दिला, मला ऐकायला मिळावं म्हणून. माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून तो वाचला.

तो गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि फोनवर वाचायला बसले. वाचायला नको होतं. कुणी ताईच्या खोकल्यावर ढोलकीचा ठेका टाकला होता आणि पोरं त्यावर नाचत होती. कुणी तिला थुंकताना रंगवलं होतं. ‘म्हातारी खोकली की समजायचं, वाचलो,’ असं कुणी लिहिलं होतं. म्हातारी! ताई गेली तेव्हा तिच्या डोक्यात एक पांढरा केस नव्हता. ‘हा आमच्या बालपणावर दरोडा आहे.’ ‘ज्याने हे केलं त्याला मूळ गेमचा आत्माच कळलेला नाही.’ आणि एका महाभागाने लिहिलं होतं, ‘ज्याने आईचा खोकला काढला, त्याला आई नसणार.’ त्यावर शेकडो लोकांनी टाळ्यांची चित्रं चिकटवली होती.

मला शिसारी आली. मी आयुष्यभर लोकांचे घामेजलेले कपडे हाताळले आहेत, काखेतले डाग पाहिले आहेत, पण इतकी किळस कधी वाटली नव्हती. ही घोडी चाळिशी ओलांडलेली, पोराबाळांची माणसं, आणि एका आजारी बाईच्या छातीतली घरघर परत मिळावी म्हणून गळा काढत होती.

दुपारी भावोजी चहाला आले. मी फोन त्यांच्यापुढे आपटला.

“वाचलंय,” ते म्हणाले.

“मग गप्प का? लिहा ना त्यांना, ती कोण होती, तिला काय झालं होतं! मेली म्हणावं ती त्या खोकल्याने!”

“लिहिलं तर त्यांना आणखी मजा येईल,” भावोजी म्हणाले. “मग त्या टी-शर्टवर तिचा फोटो येईल.”

खरंच होतं ते.

तेवढ्यात कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. भावोजींनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं. मॅनेजरचा आवाज अगदी लोणकढ्या तुपासारखा.

“सर, लोकांचं ऐकावं लागतं ना. पुढच्या अपडेटमध्ये खोकला परत टाकू या.”

“मला नाही जमणार.”

“मग राहू द्या, सर. जुन्या गेममधून इथेच कुणीतरी काढून लावेल. अर्ध्या तासाचं तर काम.”

भावोजींनी हातातला कप बशीत ठेवला, तो वाजला. त्यांचा चेहरा मला बघवेना. इतक्या वर्षांनी तिला त्या खोकल्यातून एकदाची सोडवली होती, आणि हे लोक तिला परत खोकायला लावणार होते, तेही नव्या यंत्रावर, खणखणीत.

माझं डोकं फिरलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर खोकलाच आला. सकाळपासून एक जुना लोकरी कोट उसवत होते, त्याची सगळी कुसं घशात गेली होती. बारीक, कोरडा खोकला. फोनवर लोक मला ताई समजून बोलायचे, इतका आम्हा बहिणींचा आवाज एक.

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे.

“माझा घाला,” मी दबक्या आवाजात म्हणाले.

भावोजी फोनकडे वाकले. “मीच करून देतो. जुन्या गेममधला घेऊ नका, तो फार खरखरीत आहे. माझ्याकडे मूळ टेप आहे.”

“वा, सर! मूळ टेप! लोक वेडे होतील!”

लगेच वर गेलो. भावोजींनी मला त्याच कपाटासमोर उभं केलं. ठरवून खोकायचं म्हटल्यावर एकही धड येईना. मग खाली जाऊन तो कोट आणला, मायक्रोफोनपुढे झटकला, आणि असा काही खोकले की डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, घ्या लेकांनो, पोटभर घ्या.

भावोजी हेडफोन लावून ऐकायला बसले. एकदा ऐकलं, परत ऐकलं. मला वाटलं, जुळवून बघताहेत. पण त्यांचा हात बटणावर तसाच राहिला.

“हा कधीपासून आहे?” त्यांनी विचारलं.

“अहो, कोटाची धूळ! तुमच्यासमोर तर झटकला.”

“त्याआधीही होता. मागच्या आठवड्यात चहा पिताना होता.” त्यांनी हेडफोन काढले. “तिच्या वेळीही दिवसदिवस हाच आवाज कानात होता माझ्या. वाक्यानंतर कुठे बसतो, किती मोठा ठेवायचा, एवढंच ऐकलं मी. बायको खोकतेय हे ऐकलंच नाही.”

त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. वेळ पुढच्या आठवड्याची मिळाली.

नेमका त्याच दिवशी अपडेट आला. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत मी त्यांना वाचून दाखवत होते. ‘हाच तो! अंगावर काटा आला!’ ‘डोळे पाणावले. आमची आई परत आली.’ ‘मूळ ते मूळ, याची नक्कल होणे नाही.’ एका बिचाऱ्याने लिहिलं होतं की खोकला जरा वेगळा वाटतो. त्याच्यावर बाकीचे असे तुटून पडले की विचारू नका. तू खरा फॅनच नाहीस, म्हणे. मी तोंडावर ओढणी धरून हसत होते. एवढा उमाळा, एवढी छाती बडवून झाली, आणि यांना माणूस बदललेलं कळलं नाही.

भावोजी हसले नाहीत. त्यांचं लक्ष डॉक्टरांच्या दाराकडे होतं.

डॉक्टर कामात बुडालेला माणूस होता. त्याने नळी लावली, श्वास घ्यायला सांगितला, एक्स-रे उजेडापुढे धरला. “छाती स्वच्छ आहे. कापडाची धूळ जाते, बाकी काही नाही. काम करताना नाकाला फडकं बांधा.”

मी उठले. भावोजी उठले नाहीत.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “परत एकदा ऐकता का?”

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग भावोजींकडे. मी परत स्टुलावर बसले, पाठ वळवली आणि खोल श्वास घेतला.