तिसऱ्या खेळीला

मार्चमधला रविवार. वर्षाच्या चटणीसाठी आणलेल्या मिरच्यांची देठं खुडते आहे. निम्म्या झाल्या. हात धुऊन हे लिहायला बसले, नाहीतर पुन्हा टाळलं जाईल.

आक्का प्रतिस्पर्ध्याला आपला डाव आधीच सांगून टाकायच्या. समोरचा जितका तगडा, तितका त्यांचा आवाज मोठा. "पावणं, तुम्ही राजाचं प्यादं सारलासा तर मी सिसिलियन बचाव खेळणार हाय. घरात बघून आला असशीला तर बरंच झालं." समोरचा गोंधळायचा, त्याला यात कावा दिसायचा. कावा वगैरे काही नव्हता. आक्कांना तेवढंच येत होतं, पण ते पुरेपूर येत होतं.

शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीत खाली जोर-बैठका चालतात आणि माडीवर बुद्धिबळ. आक्का जैन, हार्डवेअरच्या दुकानदाराच्या घरच्या. दुपारी गल्ला सुनेवर सोपवून यायच्या. मी शिरोलीच्या एका फौंड्रीत डिस्पॅच बघते, सुटीच्या दिवशी जायची. मला त्यांनीच शिकवलं. "आपल्यापेक्षा भारी माणूस आला की नवीन काय करायचं न्हाय. रोज खेळतीस त्येच खेळायचं आणि मोहरे पटावर ठिवायचं. मारामारी करून पट मोकळा केलास की खेळ सोपा हुतो. आणि सोपा खेळ त्येला आपल्यापेक्षा जास्त येतो."

मी मान हलवायची, आणि तगडा खेळाडू आला की पहिल्या संधीला वजिराला वजीर देऊन दोन्ही बदलून टाकायची.

"हरायला भितीस व्हय?" एकदा त्यांनी विचारलं.

"हरायला नाही. वीस खेळ्यांत हरायला."

आक्का माडी दणाणेल अशा हसल्या. "म्हंजे सावकाश हरायला फी भरतीस की!"

सूर्यास्तानंतर त्या पाणीही घेत नसत. स्पर्धा लांबली की आपल्या पटाशीच डबा उघडायच्या. एका हातात दशमी, दुसरा घड्याळावर. कुणी बघत राहिलं तर म्हणायच्या, "भूक माझी, येळ माझा. तुम्ही तुमची खेळी बघा."

या जानेवारीत पेठांच्या सांघिक स्पर्धेचा शेवटचा सामना होता. दुसऱ्या दिवशी आक्का कायमच्या हुबळीला, लेकीकडे जाणार होत्या. चार पटांपैकी तीन संपले तेव्हा दोन्ही संघांचे गुण सारखे होते. निकाल माझ्या डावावर होता. समोर इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी, माझ्यापेक्षा कितीतरी वरचा. तो फ्रेंच बचाव खेळतो हे माहीत होतं, म्हणून आक्कांनी महिनाभर माझ्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली होती: तिसऱ्या खेळीला मधलं प्यादं पुढे सारायचं. पट गुंततो, दोघांनाही डोकं चालवावं लागतं. दुसरी वाट म्हणजे त्याचं प्यादं मारायचं. मग पट मोकळा होतो आणि डाव निवांत होतो.

तिसऱ्या खेळीला मी प्यादं मारलं. भोवती माणसं उभी होती, त्यांच्यादेखत चिरडून जायचं नव्हतं. थोड्याच वेळात वजीरही बदलले.

आपला डाव संपवून आक्का माझ्या मागे येऊन बसल्या. दुसऱ्याच्या पटाशी बसून खाता येत नाही, पंच उठवतात. डबा मांडीवर तसाच होता. आमच्या संघातल्या सुलभाताई हळूच म्हणाल्या, "आक्का, खाली जाऊन जेवून या. दिवस बुडतोय."

"जातो की. हिचा खेळ तर सुरू होऊ दे."

मला ते ऐकू आलं. तोवर आम्ही दोन तास खेळत होतो.

पुढे त्या मुलानं घाई न करता माझं एक प्यादं घेतलं, मग दुसरं. मी डाव सोडला तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते.

"आक्का, माझ्यापायी उपाशी राहिलात."

"उपास मला नवा न्हाय गं." त्यांनी न उघडलेला डबा पिशवीत घातला. "मला वाटलं, आता खेळशील, मग खेळशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप द्यायला गेले. गाडी दारात उभी होती, ऊन पायरीवर आलं होतं. आक्का तिथे बसून तांब्यातल्या पाण्यानं कालचा उपास सोडत होत्या, थांबत थांबत, एकेक घोट. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. मी कोपऱ्यावरूनच मागे फिरले आणि शिरोलीची बस धरली.