पडलेल्या स्कूटर

कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते. माणूस स्वार्थाशिवाय बोटही हलवत नाही, हे वर्गात इतकी वर्षं सांगत आले आहे की आता घरीदारी मला तेच दिसतं.

परवा वाऱ्याने आवारातल्या स्कूटरची रांग आडवी झाली. पन्नाशीचे एक अनोळखी गृहस्थ एकेक गाडी उचलून उभी करू लागले. मी स्टाफरूमच्या खिडकीतून बघत होते. स्वतःची शोधत असतील, असं वाटलं. पण शेवटची गाडी उभी करून ते हात झटकत फाटकाकडे चालू लागले. मला राहवेना. मी धावत खाली गेले.

"यातली तुमची कुठली?"

"एकही नाही."

"मग?"

"पडल्या होत्या."

एवढंच? माझा विश्वास बसेना. त्यांच्यादेखत मी माझ्या गाडीची डिकी उघडून रेनकोट, कागदपत्रं चाचपली. ते थांबून राहिले.

"सगळं आहे ना, मॅडम?" त्यांनी काळजीने विचारलं.

मी नुसती मान हलवली. ते चिडले असते तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं. चिडलेला माणूस मला कळतो. त्यांना नक्की काय हवं होतं, ते मी अजून शोधते आहे.