दहा मार्कांची तीनशे बारा नाणी

गेसिने हार्म्स एकोणतीस वर्षं उत्तर जर्मनीतल्या लेअर गावच्या इस्पितळातल्या परीटखान्यात इस्त्रीवर उभी होती. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट. निवृत्त झाली तेव्हा गुडघे गेले होते आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. तिचा नवरा फोल्कर्ट गोदीत वेल्डर होता. तो मार्चमध्ये गेला. सकाळी चहा घेता घेता कप खाली ठेवला आणि मान टाकली. सप्टेंबरात तिने घर विकायचं ठरवलं, कारण जिना चढवेना आणि अंगणातलं गवत कापायला माणूस मिळेना. दोन खोल्यांची जागा तळमजल्यावर मिळाली. मग घर आवरायला घेतलं, आणि कपाटाच्या तळाशी ती नाणी होतीच.

होतीच म्हणायचं, कारण ती कुठे आहेत हे तिला पहिल्या नाण्यापासून माहीत होतं. मार्क बंद होईपर्यंत चौदा वर्षं सरकार वर्षातून तीन-चारदा दहा मार्कांचं चांदीचं नाणं काढायचं. कधी कुठल्या चर्चला आठशे वर्षं झाली म्हणून, कधी कुणी संगीतकार जन्मला म्हणून. दहाचं नाणं बँकेच्या खिडकीवर दहालाच मिळायचं. त्या दिवशी फोल्कर्ट पहाटेच रांगेत जाऊन उभा राहायचा आणि सहा नाणी घेऊन यायचा. सहाच का, हे त्याने कधी सांगितलं नाही. प्रत्येक नाणं प्लॅस्टिकच्या गोल डबीत बंद करायचा आणि म्हणायचा, "वीबके मोठी होईल तेव्हा बघ. घर येईल यातून, घर." वीबके त्यांची लेक; तिच्या शाळेच्या पहिल्या दिवशीसुद्धा तो रांगेत होता. तिकडच्या रीतीप्रमाणे खाऊने भरलेला मोठा कागदी शंकू पोरीच्या हातात देऊन गेसिने तिला एकटीच शाळेत घेऊन गेली. फोटोत त्या दोघीच आहेत.

मार्क जाऊन युरो येऊन सतरा वर्षं झाली होती. गेसिनेने चार डब्या पिशवीत घातल्या आणि बाजारपेठेतल्या नाणीवाल्याकडे गेली. त्याने भिंगसुद्धा काढलं नाही.

"एकूण किती आहेत अशी?"

"तीनशे बारा."

"बाई, अर्ध्या देशाच्या कपाटात हीच नाणी आहेत. तेव्हा सगळ्यांनीच साठवली. मी नगाला साडेचार युरो देईन. त्यापेक्षा मध्यवर्ती बँकेत जा. तिथे जुने मार्क अजून घेतात, आणि दहा मार्कांचे पाच युरो अकरा सेंट मिळतात. तेवढे कुणीच देणार नाही."

गावातल्या बँकेत ती आधीच जाऊन आली होती. तिथल्या मुलीने एक डबी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "आम्ही मार्क घेत नाही हो आता. पण सुंदर आहे." आजोबांचं जुनं घड्याळ पाहून बोलावं तसं.

मध्यवर्ती बँकेची शाखा कुठे आहे, ते कीलला राहणाऱ्या वीबकेने फोनवर शोधून दिलं. हानोफरला, रेल्वेने पावणेतीन तास. "आई, मी पुढच्या महिन्यात येते, आपण मिळून जाऊ," ती म्हणाली. पण पुढच्या महिन्यात घराच्या किल्ल्या द्यायच्या होत्या. गेसिनेने बाजाराची चाकांची पिशवी काढली आणि सगळ्या डब्या जुन्या टॉवेलांत गुंडाळून भरल्या. पिशवी पाच-सहा किलोची झाली. मंगळवारी सकाळी ती गाडीत बसली. सोबत पावाचे दोन तुकडे, चीज आणि थर्मासमध्ये चहा.

आदल्या दोन रात्री आवराआवरीत गेल्या होत्या. ओल्डेनबुर्ग गेलं ते तिने पाहिलं. ब्रेमेन अर्धवट ऐकलं. डोळे उघडले तेव्हा गाडी उभी होती आणि फलाटावर ब्राउनश्वाइग लिहिलं होतं. हानोफर अर्ध्या तासामागे राहिलं होतं. पिशवी उतरवताना तिने एका पोरसवदा सैनिकाचा पाय चिरडला, त्याची माफी मागितली, परतीची गाडी शोधली. बँकेच्या दारात पोचली तेव्हा एकला दहा मिनिटं कमी होती. खिडक्या साडेबाराला बंद झाल्या होत्या.

दारावरचा पहारेकरी वाईट माणूस नव्हता. "उद्या साडेआठला उघडतील," तो म्हणाला, आणि पिशवीकडे बघून विचारलं, "नाणी का? डब्यांतून काढून आणा. बंद डब्या खिडकीवर घेत नाहीत. सुटी, दहा-दहाची चळत."

गेसिने समोरच्या बाकावर बसली. पाव खाल्ला. परत घरी जाऊन उद्या पुन्हा येणं म्हणजे साडेपाच तास, आणि तिच्या अंगात तेवढं बळ नव्हतं. हानोफरात ती एकाच माणसाला ओळखत होती. फोल्कर्टची धाकटी बहीण थेडा. तिच्याशी बोलून अकरा वर्षं झाली होती.

भांडण नाण्यांवरूनच झालेलं. सासूबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाला, केक कापून झाल्यावर, थेडा सगळ्यांसमोर म्हणाली होती, "दादा, तू कपाटात पत्र्याचे तुकडे साठवतोयस आणि गेसिने चादरी घासतेय." फोल्कर्ट उठला, कोट घातला आणि निघाला. गेसिने केकची बशी खाली ठेवून त्याच्यामागे निघाली. त्यानंतर येणं-जाणं बंद. अंत्यविधीलाही थेडा आली नाही, फुलांचं चक्र पाठवलं. चक्रावरच्या कार्डावर तिचा नंबर छापलेला होता. आभाराचं पत्र पाठवावं म्हणून गेसिनेने ते कार्ड पाकिटात ठेवलं होतं. पत्र राहूनच गेलं होतं.

तिने फोन लावला.

"कोण गेसिने?" पलीकडून आवाज आला. आणि मग, "आमची गेसिने? कुठे आहेस गं तू?"

"तुमच्या गावात. बँकेसमोरच्या बाकावर."

"तिथेच बस. हलू नकोस."

थेडा वीस मिनिटांत आली. ती आता सडपातळ, पांढऱ्या केसांची आणि काठी घेतलेली होती. मिठी वगैरे कुणी मारली नाही. तिने पिशवीचा दांडा हातात घेतला, ओढून पाहिला आणि म्हणाली, "काय भरलंयस यात, दादाला?"

गेसिनेला हसू आलं. मार्चनंतर पहिल्यांदा आलं, आणि त्याची तिला थोडी लाजही वाटली.

थेडाचं घर चौथ्या मजल्यावर होतं, पण लिफ्ट होती. आल्याआल्या तिने गावाकडच्या रीतीने चहा केला. कपात आधी खडीसाखर, वर काळा चहा, कडेने साय. दोघी पहिला कप प्यायल्या. मग गेसिनेने डब्यांचं सांगितलं. थेडाने स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, एक कात्री आणि लोणी लावायची सुरी घेतली, आणि दोघी डब्या फोडायला बसल्या.

फोल्कर्टने डब्या घट्ट दाबून बंद केल्या होत्या. सुरीचं टोक कडेत घालायचं, पिरगाळायचं, टक्‌ आवाज झाला की नाणं बाहेर. दहा झाली की चळत. चाळिसाव्या डबीला गेसिनेचा अंगठा सोलला. थेडाने चिकटपट्टी आणून दिली.

"हा कोण गं?" थेडाने एक नाणं उजेडात धरलं.

"कुणीतरी विद्वान."

"आणि हा?"

"तोही विद्वानच असेल. सगळे विद्वानच आहेत. एकही इस्त्रीवाली नाही."

थेडा खो-खो हसली. दीडशेच्या पुढे गेल्यावर थेडा सुरी ठेवून म्हणाली, "त्या दिवशी मी बोलायला नको होतं. आईचा वाढदिवस होता."

गेसिनेने हातातली डबी फोडून घेतली, मगच बोलली. "तू बोललीस ते मी रोज मनात म्हणत होते. वीस वर्षं. तोंडातून एकदाही निघालं नाही. तू म्हणालीस आणि मला वाटलं, बरं झालं बाई, कुणीतरी म्हटलं. आणि मग मी कोट घेतला आणि त्याच्यामागे गेले."

"का गेलीस पण?"

"गाडी त्याची होती. आणि नवराही." ती अंगठ्याकडे बघत राहिली. "नंतर फोन करायचा होता तुला. आज करू, उद्या करू. कामावरून आलं की पाय सुजलेले असायचे. मग अकरा वर्षं झाली."

थेडाने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती नाक पुसून म्हणाली, "तो भाऊ म्हणून बरा होता. मला सायकल शिकवली त्याने. नवरा म्हणून कसा होता ते तुझं तुला ठाऊक."

"वाईट नव्हता. रांगेत असायचा, एवढंच."

दिवस मावळायच्या आत सगळी नाणी सुटी झाली. रिकाम्या डब्यांचा टेबलाखाली ढीग पडला. गेसिने सोफ्यावर आडवी झाली आणि थेडाने पांघरूण घातलेलं तिला कळलंही नाही.

सकाळी दोघी साडेआठच्या आधी रांगेत होत्या. पुढे पाच माणसं. मागे टोपीवाला एक गृहस्थ उभा होता. पिशवीत चळती पाहून तो गेसिनेच्या कानाशी आला. "बाई, यातली शेवटच्या चार वर्षांतली मला द्या. त्यात चांदी जास्त आहे. नगाला सहा देतो, रोख."

"कशी ओळखायची ती?" गेसिनेने विचारलं.

"वर्ष बघायचं. एकेक करून. मी मदत करतो ना."

थेडा वळली. "काका, कालपासून आम्ही याचंच एकेक करतोय. तुम्हाला वेळ आहे, तर तुमचाही अंगठा सोलून घ्या आधी."

रांगेतली माणसं हसली. टोपीवाला तरी हलेना. गेसिनेने मनात हिशेब केला. अशी साठेक निघाली तर पन्नास-पंचावन्न युरो वर. त्यासाठी खाली बसायचं, चष्मा लावायचा, तीनशे बारा नाण्यांवरची वर्षं वाचायची. "नको हो," ती म्हणाली. "सगळी एकाच ठिकाणी जाऊ देत. मी थकले."

खिडकीमागच्या माणसाने चळती यंत्रात न घालता हाताने मोजल्या, काही वजन करून पाहिल्या. ओळखपत्र घेतलं, खात्याचा नंबर लिहून घेतला. पंचवीस मिनिटं लागली. मग त्याने कागद पुढे सरकवला. तीन हजार एकशे वीस मार्क, म्हणजे एक हजार पाचशे पंच्याण्णव युरो तेवीस सेंट.

"बरोबर आहे ना, हार्म्सबाई?"

"तुम्ही मोजलंत म्हणजे बरोबर," ती म्हणाली आणि सही केली. ट्रेमधली नाणी तो मागे घेऊन गेला. तिला वाटलं होतं काहीतरी होईल, रडू येईल किंवा राग येईल. काहीच झालं नाही. फक्त पिशवी उचलायला गेली तेव्हा ती जोरात वर आली आणि तिचा तोल गेला. थेडाने दंड धरला.

स्टेशनवर वीबकेचा फोन आला. "आई, किती मिळाले?"

"नाण्यांवर लिहिलं होतं तेवढे."

"फक्त?"

"कमी नाही मिळाले, एवढं बघ."

नोव्हेंबरात सामान हलवणाऱ्यांना सहाशे गेले. उरलेले खात्यातच पडून होते. रविवारी फोन करायची थेडाला सवय लागली होती. मे महिन्यात तिने विषय काढला. किनाऱ्यासमोरच्या एका बेटावर चार दिवस राहून येऊ म्हणाली. गेसिनेच्या घरापासून ते बेट दोन-तीन तासांवर, पण ती तिथे कधी राहिली नव्हती. सुट्टीचे पैसे दर वर्षी कुठे जायचे ते दोघींना माहीत होतं.

वाऱ्याचे दिवस होते. थेडा रोज काठी टेकत वाळूवर फिरून यायची आणि समुद्र कसा होता ते सांगायची. गेसिने पहिले दोन दिवस झोपलीच. खोली दुसऱ्या कुणीतरी आवरत होतं, चादरी दुसऱ्या कुणीतरी इस्त्री केल्या होत्या. त्या नीट केल्या नव्हत्या, कोपऱ्यात चुण्या होत्या. तिने एकदा हाताने चुणी सरळ केली आणि कूस बदलून पुन्हा झोपली.